साक्ष कोणाची, पक्ष कोणाचा? : मलबारच्या प्राचीन ख्रिस्ती समाजाविषयीचे कॅथॉलिक व प्रोटेस्टंट इतिहासलेखन

प्रस्तावना

सोळाव्या शतकात युरोपातील ख्रिस्ती धर्मात कॅथॉलिक आणि प्रोटेस्टंट असे दोन तट पडले. हा वाद प्रथम धर्मतत्त्वांचा होता. पण थोड्याच वर्षांत तो इतिहासाचाही झाला. पहिल्या काही शतकांतील ख्रिस्ती लोक काय मानत होते, त्यांची उपासना कशी होती, त्यांच्यात पोपचे स्थान कोणते होते, या प्रश्नांच्या उत्तरावर खरा वारस कोण हे ठरणार होते. त्यामुळे दोन्ही पक्षांनी प्राचीन इतिहासाचे मोठमोठे ग्रंथ सिद्ध केले. या ग्रंथांविषयी युरोपात पुष्कळ लिहिले गेले आहे. मात्र या वादाचा एक महत्त्वाचा अध्याय आपल्या देशात, मलबारच्या किनाऱ्यावर घडला आणि त्याची सूत्रे गोव्यातून हलवली गेली, ही गोष्ट मराठी वाचकांसमोर फारशी आलेली नाही.

मलबारमध्ये पोर्तुगीज येण्यापूर्वी कित्येक शतके एक ख्रिस्ती समाज नांदत होता. तो स्वतःला प्रेषित थॉमसचा अनुयायी म्हणवीत असे. हा समाज प्राचीन आहे याविषयी दुमत नव्हते. तो प्राचीन काळापासून ‘आपल्यासारखाच’ होता, असा दावा मात्र दोन्ही पक्षांना करायचा होता. प्रस्तुत लेखात या दाव्यासाठी लिहिल्या गेलेल्या प्रमुख ग्रंथांची चिकित्सा केली आहे. अँतोनिओ द गोव्हेआ (१६०६) यांचा कॅथॉलिक वृत्तांत, मायकेल गेडिस (१६९४) व ला क्रोझ (१७२४) यांचे प्रोटेस्टंट इतिहास आणि क्लॉडियस ब्यूकॅनन (१८११) यांचे प्रवासवर्णन हे ग्रंथ येथे मुख्यतः विचारात घेतले आहेत. या ग्रंथांचे निष्कर्ष परस्परविरोधी असले तरी त्यांची रीत एकच आहे, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे. दोन्ही पक्षांनी मलबारच्या समाजाला साक्षीदार म्हणून उभे केले. परंतु त्याची जबानी त्याच्या शब्दांत नोंदवून घेतली नाही.

युरोपातील पार्श्वभूमी

प्रोटेस्टंटांना कॅथॉलिकांकडून वारंवार एक प्रश्न विचारला जाई : लूथरच्या आधी तुमची चर्च कोठे होती? प्रश्न बिनतोड होता. पंधराशे वर्षे खरी श्रद्धा पृथ्वीवर नव्हतीच, असे म्हणणे कोणत्याही ख्रिस्ती माणसाला परवडणारे नव्हते. मथियास फ्लाकियुस इलिरिकुस या लूथरपंथीय विद्वानाने याचे उत्तर शोधण्यात आयुष्य घालवले. १५५६ मध्ये त्याने ‘सत्याच्या साक्षीदारांची सूची’ प्रसिद्ध केली. पोपच्या सत्तेला निरनिराळ्या काळी ज्यांनी ज्यांनी विरोध केला, त्यांची ही जंत्री होय. पुढे त्याच्या पुढाकाराने ‘माग्देबुर्ग शतके’ या नावाने ओळखला जाणारा इतिहास बाझल येथे १५५९ ते १५७४ या काळात तेरा खंडांत निघाला. प्रत्येक खंडात एक शतक, आणि प्रत्येक शतकात मूळची शुद्ध शिकवण कशी मलिन होत गेली याचे वर्णन, अशी त्याची मांडणी होती.

याला उत्तर म्हणून रोममध्ये चेझारे बारोनियुस याने ‘चर्चचा वर्षक्रम’ हा बारा खंडांचा ग्रंथ १५८८ ते १६०७ या काळात प्रसिद्ध केला. त्यातील प्रतिपादन नेमके उलट आहे. चर्च आरंभापासून तीच आहे, तिच्यात बदल झालेला नाही, हे वर्षावर्षाची नोंद देऊन दाखवण्याचा त्याचा प्रयत्न होता. इझाक कासोबों या प्रोटेस्टंट भाषापंडिताने १६१४ मध्ये बारोनियुसच्या चुका काढणारा ग्रंथ लिहिला. अशा रीतीने इतिहास हे वादाचे हत्यार बनले. येथे एक बाब न्यायाने नमूद केली पाहिजे. याच भांडणामुळे जुनी हस्तलिखिते शोधली गेली, बनावट कागद उघडकीस आले आणि पुरावा देण्याची शिस्त वाढली. वादासाठी लिहिलेला इतिहास निरुपयोगी असतो, असे म्हणता येत नाही. तो कशासाठी लिहिला गेला हे लक्षात ठेवून वाचावा लागतो, एवढेच.

फ्लाकियुसच्या सूचीत ज्या प्रकारचे साक्षीदार हवे होते, तसा एक संपूर्ण समाज हिंदुस्थानात सापडला. तो रोमपासून दूर होता, प्राचीन होता आणि पोपच्या आज्ञेत वाढलेला नव्हता. प्रोटेस्टंट लेखकांचे त्याच्याकडे लक्ष जावे यात नवल नाही.

मलबारचा समाज : उपलब्ध पुरावा

प्रेषित थॉमस इ. स. ५२ मध्ये कोडुंगल्लूर येथे उतरला, अशी या समाजाची परंपरा आहे. तिला समकालीन लेखी पुरावा नाही. तिसऱ्या शतकातील ‘थॉमसची कृत्ये’ हा सुर्यानी ग्रंथ थॉमसला गोंडोफर्नीस या राजाच्या दरबारी पाठवतो. हा राजा वायव्य हिंदुस्थानातील असून त्याची नाणी सापडली आहेत. सहाव्या शतकातील कॉस्मस हा प्रवासी मात्र थेट मलबारमधील ख्रिस्ती लोकांचा उल्लेख करतो आणि ‘कल्लियाना’ येथे पर्शियातून नेमलेला बिशप असल्याचे सांगतो. हे कल्लियाना म्हणजे आपले ठाण्याजवळचे कल्याण असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

नवव्या शतकापासून पुरावा अधिक ठोस होतो. कोल्लम येथील तरिसाप्पल्ली या चर्चला वेणाडच्या अय्यन अडिगळ या शासकाने दिलेले ताम्रपट इ. स. ८४९ चे मानले जातात. या ताम्रपटांवर साक्षीदार म्हणून व्यापाऱ्यांच्या सह्या आहेत आणि त्या अरबी, पहलवी व हिब्रू लिप्यांत आहेत. म्हणजे मुसलमान, पारशी, ख्रिस्ती व यहुदी व्यापारी एका चर्चच्या दानपत्रावर साक्ष घालतात. या समाजाचे स्थान सागरी व्यापाराच्या जगात कसे गुंतलेले होते, हे या एका वस्तूवरून कळते. त्याची उपासनेची भाषा सुर्यानी होती. त्याचे बिशप मेसोपोटेमियातील ‘पूर्वेकडील चर्च’ या संघटनेकडून येत. या चर्चने ४३१ च्या इफेससच्या धर्मसभेचा नेस्टोरियसविरोधी निर्णय स्वीकारला नव्हता. म्हणून पाश्चात्त्य लेखक तिला ‘नेस्टोरियन’ म्हणत. कोडुंगल्लूर येथे १३०१ मध्ये नकललेले एक सुर्यानी हस्तलिखित आजही व्हॅटिकनच्या ग्रंथालयात आहे.

उदयंपेरूरची धर्मसभा, १५९९

पोर्तुगीज व हा समाज यांचे संबंध आरंभी मैत्रीचे होते. पुढे गोव्याची धर्मसत्ता बळकट झाली आणि मलबारच्या ख्रिस्ती लोकांना लॅटिन वळण लावण्याचे प्रयत्न सुरू झाले. १५९७ मध्ये त्यांचे शेवटचे सुर्यानी बिशप मार अब्राहम मरण पावले. परंपरेप्रमाणे कारभार आर्चडीकन जॉर्ज या स्थानिक पुढाऱ्याकडे आला. गोव्याचे आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस १५९९ च्या आरंभी स्वतः मलबारात आले. त्यांनी चर्चमागून चर्च पालथे घातले, अनेक नव्या धर्मगुरूंना दीक्षा दिली आणि २० ते २६ जून १५९९ या काळात उदयंपेरूर येथे धर्मसभा भरवली. सुमारे दीडशे कत्तनार, म्हणजे स्थानिक धर्मगुरू, आणि सहाशेहून अधिक गृहस्थ प्रतिनिधी हजर होते.

ठराव आधीच तयार होते. ते मूळ पोर्तुगीजमध्ये होते आणि मलयाळममध्ये वाचून दाखवण्यात आले. बॅबिलोनच्या कुलगुरूचे नाव प्रार्थनेतून वगळावे, पोपचे नाव घ्यावे. उपासनाविधीत सुधारणा करावी. सात संस्कार मानावेत. धर्मगुरूंनी पत्नीपासून विभक्त व्हावे. नावानिशी सांगितलेली सुर्यानी पुस्तके दुरुस्तीसाठी हजर करावीत किंवा जाळावीत, असे त्यांचे स्वरूप होते. एवढा मोठा बदल एका आठवड्यात मंजूर झाला, यावरूनच सभेत चर्चेला किती वाव होता याची कल्पना येते.

गोव्हेआ यांचा वृत्तांत

ऑगस्टिनियन पंथाचे अँतोनिओ द गोव्हेआ यांनी मेनेझिस यांच्या या मोहिमेचा वृत्तांत लिहिला. तो धर्मसभेच्या ठरावांसह १६०६ मध्ये कोइंब्रा येथे छापला गेला. मेनेझिस हेही त्याच पंथाचे. ग्रंथाचा हेतू उघड आहे : भरकटलेल्या मेंढरांना एका धीट मेंढपाळाने कळपात कसे परत आणले, हे सांगणे.

या ग्रंथाचे गुण मान्य केले पाहिजेत. गोव्हेआ तपशील टाकत नाहीत. आर्चडीकनने केलेली टाळाटाळ, गावोगावचा विरोध, कोचीनच्या राजाची भूमिका, आर्चबिशपांनी वापरलेला धाक आणि दाखवलेले औदार्य हे सर्व त्यांनी नोंदवले आहे. नायकाचा पराक्रम मोठा दिसावा म्हणून त्यांना विरोधही मोठा दाखवावा लागला. परिणामी विरोधकांचे वजन त्यांच्या इच्छेविरुद्ध ग्रंथात उतरले आहे. आज आपल्याला त्या समाजाच्या प्रतिकाराविषयी जे ठाऊक आहे, त्यातील बराच भाग याच ग्रंथातून मिळतो.

दोष मूळ चौकटीत आहे. जे जे रोमच्या रीतीहून वेगळे दिसले, ते ते गोव्हेआ यांनी ‘नेस्टोरियन चूक’ या एका सदरात घातले. एखादी प्रथा जुन्या पूर्वेकडील परंपरेची आहे की मलबारची स्थानिक आहे, हा प्रश्न ते विचारीत नाहीत. शिवाय एक अडचणीची वस्तुस्थिती त्यांच्या कथेत नीट बसत नाही. पूर्वेकडील चर्चमधील एका शाखेने १५५३ मध्ये रोमशी ऐक्य केले होते आणि मार अब्राहम यांच्या नियुक्तीला खुद्द पोपची मान्यता होती. तेव्हा १५९९ मध्ये मेनेझिस ज्यांना ‘परत आणण्यासाठी’ गेले, त्यांचा बिशप रोमच्या दृष्टीने अगोदरच आत होता. त्याच्या निष्ठेविषयी शंका घेतली जात होती हे खरे. पण शंका आणि फुटीरपणा यांत फरक आहे.

गेडिस यांचे उत्तर

मायकेल गेडिस हे लिस्बनमधील इंग्रज व्यापाऱ्यांचे धर्मगुरू होते. १६८६ मध्ये तेथील इन्क्विझिशनने त्यांच्या उपासनेवर बंदी घातली. इंग्लंडला परतल्यावर त्यांनी पोर्तुगीज साधनांचा उपयोग करून १६९४ मध्ये मलबार चर्चचा इतिहास प्रसिद्ध केला आणि उदयंपेरूरच्या ठरावांचे इंग्रजी भाषांतर त्याला जोडले. मलबारच्या ख्रिस्ती लोकांची शिकवण रोमच्या विरोधी आणि चर्च ऑफ इंग्लंडशी जुळणारी आहे, हे ग्रंथाच्या शीर्षकातच सांगितले आहे.

गेडिस यांची युक्ती सोपी आणि प्रभावी आहे. धर्मसभेने ज्या गोष्टींची सक्ती केली, त्या गोष्टी समाजात आधी नव्हत्या असे त्यांनी मानले. पोपचे नाव घेण्याची सक्ती झाली, म्हणजे आधी पोपला मानत नव्हते. प्रतिमा बसवण्याचा आदेश निघाला, म्हणजे प्रतिमा नव्हत्या. धर्मगुरूंच्या बायका दूर केल्या, म्हणजे धर्मगुरू विवाहित होते. इथपर्यंत तर्क निर्दोष आहे. मनाईच्या किंवा सक्तीच्या हुकमावरून पूर्वीची वहिवाट ओळखणे ही इतिहासाची मान्य रीत आहे आणि तिचा इतका पद्धतशीर वापर गेडिस यांनी केला, याचे श्रेय त्यांना द्यावे लागते.

चूक पुढच्या पायरीवर होते. एखादी गोष्ट ‘नव्हती’ यावरून ती ‘नाकारली होती’ असे ते ठरवतात. आणि नाकारली होती यावरून ती इंग्रज प्रोटेस्टंटांच्याच कारणांसाठी नाकारली होती, असे गृहीत धरतात. अभाव, नकार आणि नकाराचे कारण या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तीन उदाहरणांवरून हे स्पष्ट होईल.

तीन कसोट्या

पहिले उदाहरण संस्कारांचे. मलबारचे लोक सात संस्कार मानत नाहीत, मोजकेच मानतात, ही पोर्तुगीजांची तक्रार. गेडिस यांना त्यात प्रोटेस्टंट मत दिसले, कारण प्रोटेस्टंट बाप्तिस्मा व प्रभुभोजन हे दोनच संस्कार मानतात. परंतु पूर्वेकडील चर्चचा विद्वान अब्दिशो बार ब्रिखा याने १२९८ मध्ये लिहिलेल्या ‘मोती’ या नावाच्या ग्रंथात संस्कारांची गणना केलेली आहे. ते सातच आहेत. मात्र ते रोमचे सात नव्हेत. त्यात पवित्र खमीर आणि क्रुसाची खूण यांचा समावेश आहे, विवाहाचा नाही. या गणनेत कॅथॉलिक यादी बसत नाही आणि प्रोटेस्टंट यादी तर मुळीच बसत नाही. येथे तिसरीच परंपरा आहे आणि तिची स्वतःची संगती आहे.

दुसरे उदाहरण कुलगुरूचे. प्रार्थनेत पोपऐवजी बॅबिलोनच्या कुलगुरूचे नाव घेतले जाई. गोव्हेआ यांच्या मते हे बंड, गेडिस यांच्या मते पोपशाहीपासूनचे स्वातंत्र्य. वस्तुतः दूर देशीच्या सर्वोच्च धर्मगुरूचे नाव नित्य प्रार्थनेत घेणारा, त्याने पाठवलेल्या बिशपशिवाय दीक्षाविधी न करणारा समाज हा धर्माधिकाराची उतरंड मानणारा समाज आहे. त्याने सत्ता नाकारली नव्हती. त्याची निष्ठा वेगळ्या गादीशी होती.

तिसरे उदाहरण प्रतिमांचे. मलबारच्या चर्चमध्ये मूर्ती व चित्रे जवळजवळ नव्हती. कॅथॉलिक लेखकांना ही उणीव वाटली, प्रोटेस्टंटांना शुद्धता. पण त्याच चर्चमध्ये क्रुसाला मोठा मान होता. पहलवी लेख कोरलेले दगडी क्रूस दक्षिण हिंदुस्थानात आजही आहेत. संतांचे स्मरण, मृतांसाठी प्रार्थना, उपवासांचे कडक नियम हेही तेथे होते. मृतांसाठी प्रार्थना करणाऱ्या समाजाला इंग्लंडमधील कडव्या सुधारकांनी आपला म्हटले नसते. गेडिस यांनी जुळणाऱ्या गोष्टींची यादी दिली; न जुळणाऱ्यांची यादी करण्याची त्यांना गरज वाटली नाही.

याहून लक्षणीय बाब अशी की, ठरावांचा एक मोठा भाग दोन्ही पक्षांच्या वादात उपयोगी पडला नाही. धर्मसभेच्या शेवटच्या विभागात ज्योतिषाकडे जाणे, ओणमच्या सणात भाग घेणे, विटाळ मानून शुद्धीचे विधी करणे, दिव्य करून खरेखोटे ठरवणे यांवर बंदी घातलेली आहे. हा समाज मलबारच्या जातिव्यवस्थेत मानाचे स्थान राखून, शेजाऱ्यांच्या रीतिरिवाजांत मुरून राहत होता, याचा हा सर्वांत जिवंत पुरावा होय. रोमशी नाते की मूळ शुद्ध चर्चशी नाते, या भांडणात त्या पुरावाकडे पाहण्याची फुरसत कोणाला नव्हती. वस्तुतः ‘हे लोक कोण होते’ या प्रश्नाचे उत्तर तेथेच अधिक मिळते.

वादाचा विस्तार

ला क्रोझ हे पूर्वी बेनेडिक्टाइन मठवासी होते. पुढे प्रोटेस्टंट होऊन बर्लिनमध्ये ग्रंथपाल झाले. त्यांचा हिंदुस्थानातील ख्रिस्ती धर्माचा इतिहास १७२४ मध्ये हेग येथे निघाला. त्यांची विद्वत्ता गेडिस यांच्यापेक्षा व्यापक आहे. पण त्यांचाही मुख्य आधार गोव्हेआच. म्हणजे ज्या ग्रंथाला खोटे पाडायचे, त्याच्याच पानांवर सगळी इमारत उभी आहे. एडवर्ड गिबन यांनी रोमन साम्राज्याच्या आपल्या प्रसिद्ध इतिहासात मलबारची हकिकत ला क्रोझ यांच्या आधारे दिली आणि ती इंग्रजी वाचकांत रूढ झाली.

कॅथॉलिक बाजूने योसेफ असेमानी यांनी रोममध्ये १७१९ ते १७२८ या काळात सुर्यानी ग्रंथसंपदेचा विशाल संग्रह प्रसिद्ध केला. असेमानी लेबनॉनच्या मारोनी समाजातील असून सुर्यानी जाणणारे होते. पक्ष त्यांचाही होता, पण त्यांच्यामुळे पूर्वेकडील चर्चचे मूळ लेखन प्रथमच विस्ताराने युरोपीय विद्वानांसमोर आले. या संपूर्ण वादात ज्ञानात खरी भर कोणी घातली असेल तर ती असेमानींनी, असे म्हणण्यास हरकत नाही. कारण त्यांनी साक्षीदाराच्या भाषेतील कागद पुढे ठेवले. राउलिन यांनी १७४५ मध्ये रोममध्ये धर्मसभेचे लॅटिन रूप प्रसिद्ध करून मेनेझिस यांची बाजू पुन्हा मांडली. तेथे मात्र जुनीच चौकट दिसते.

क्लॉडियस ब्यूकॅनन हे ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील अँग्लिकन धर्मगुरू. ते १८०६ मध्ये प्रत्यक्ष मलबारला गेले आणि १८११ मध्ये त्यांचे प्रवासवर्णन प्रसिद्ध झाले. त्यांनी समाजाशी बोलणी केली, जुने सुर्यानी बायबल मिळवले, मलयाळम भाषांतराला चालना दिली. त्या भाषांतरातील शुभवर्तमाने १८११ मध्ये मुंबईत छापली गेली. पण ब्यूकॅनन यांची नजर गेडिस यांच्या ग्रंथाने घडवलेली होती. १६५३ च्या फुटीनंतर रोमपासून वेगळ्या झालेल्या गटाने १६६५ पासून अंत्युखियाच्या सुर्यानी चर्चशी संबंध जोडले होते. त्या चर्चची शिकवण व उपासना पूर्वेकडील चर्चहून भिन्न आहे. ब्यूकॅनन ज्यांना भेटले ते हे लोक. १५९९ च्या समाजाचे वर्णन त्यांनी १८०६ च्या समाजाला लावले आणि मधल्या दोन शतकांतील स्थित्यंतराचे त्यांना फारसे भान राहिले नाही. ‘न बदललेली प्राचीन चर्च’ शोधणाऱ्याला बदल दिसणे कठीणच असते.

ग्रंथांतून जीवनात

हे सर्व पुस्तकी भांडण राहिले असते तर त्याची आज दखल घेण्याचे विशेष कारण नव्हते. पण दोन्ही पक्षांच्या इतिहासाची अंमलबजावणी झाली. मेनेझिस यांच्यानंतर लॅटिन बिशप आले, जुनी पुस्तके नष्ट झाली, असंतोष साचत गेला आणि ३ जानेवारी १६५३ रोजी मट्टांचेरी येथे हजारोंच्या समुदायाने जेझुइट बिशपच्या आज्ञेत न राहण्याची शपथ घेतली. एकसंध समाज दुभंगला. पुढे बरेच लोक रोमकडे परतले, उरलेले वेगळे राहिले.

दीडशे वर्षांनी प्रोटेस्टंटांची पाळी आली. चर्च मिशनरी सोसायटीचे मिशनरी १८१६ पासून ‘मदत’ या भूमिकेने कोट्टयमला आले. शिक्षण आणि छपाई यांत त्यांनी केलेले काम मोठे आहे. परंतु या प्राचीन चर्चवर रोमने चढवलेली पुटे काढली की आतून आपलीच श्रद्धा निघेल, हा गेडिस-ब्यूकॅनन यांचा समज त्यांच्याही मनात होता. मृतांसाठीची प्रार्थना, मरियमचे स्मरण यांना हात घालताच हा समज कोसळला. जानेवारी १८३६ मध्ये मावेलिक्करा येथे भरलेल्या सभेने इंग्रजांच्या सूचना फेटाळल्या आणि आपण अंत्युखियाच्या कुलगुरूच्या अधीन सुर्यानी ख्रिस्ती आहोत, असे जाहीर केले. सुधारणा मान्य असलेला एक गट कालांतराने मार थोमा चर्च म्हणून वेगळा झाला, हेही नमूद करावयास हवे. तीही त्याच समाजातील एक खरी निवड होती. आज या समाजाच्या अर्धा डझनांहून अधिक शाखा आहेत.

विसाव्या शतकात चित्र पालटले. जोनास थलियत या केरळच्या कॅथॉलिक धर्मगुरूचा उदयंपेरूरच्या धर्मसभेवरील प्रबंध १९५८ मध्ये रोममध्येच प्रसिद्ध झाला आणि ही धर्मसभा वैध ठरत नाही, असा निष्कर्ष त्यात चर्चच्याच कायद्याच्या आधारे काढला आहे. १९८४ मध्ये मथियास मुंडाडन हे कॅथॉलिक आणि स्टीफन नील हे अँग्लिकन अशा दोन इतिहासकारांचे हिंदुस्थानातील ख्रिस्ती धर्माच्या इतिहासाचे पहिले खंड एकाच वर्षी निघाले. थॉमसच्या परंपरेला मुंडाडन अधिक विश्वसनीय मानतात, नील ती शक्य पण असिद्ध मानतात. तरी मलबारच्या समाजाला स्वतःचे व्यक्तित्व होते, हे दोघेही जाणतात. खुद्द रोमने १९९४ मध्ये पूर्वेकडील अश्शूरी चर्चशी संयुक्त निवेदन करून ख्रिस्ताविषयीच्या श्रद्धेत आपण एक आहोत असे मान्य केले. २००१ मध्ये त्या चर्चचा प्राचीन उपासनाविधीही वैध ठरवला. मेनेझिस यांनी सदोष म्हणून ज्यात फेरफार केले, तो हाच विधी होय. चारशे वर्षांपूर्वी ज्या कारणासाठी पुस्तके जाळली, ते कारण निघून गेले. पुस्तके मात्र परत येणार नाहीत.

समारोप

वरील विवेचनातून पुढील बाबी हाती लागतात. एक, कॅथॉलिक आणि प्रोटेस्टंट लेखकांनी मलबारच्या समाजाला प्राचीन काळाचा न बदललेला नमुना मानले आणि त्यामुळे त्याचा प्रत्यक्ष इतिहास दोघांच्याही हातून निसटला. दोन, दोघांच्या पुराव्याचे मूळ एकच, म्हणजे आरोप करणाऱ्याचे दप्तर, होते. अशा दप्तरातून वहिवाट कळू शकते. श्रद्धेचा अर्थ कळत नाही. त्यासाठी त्या समाजाच्या भाषेतील लेखन, ताम्रपट, शिलालेख आणि हस्तलिखिते यांच्याकडे जावे लागते. तीन, हे लेखन सदोष असले तरी टाकाऊ नाही. गोव्हेआ नसते तर प्रतिकाराची हकिकत हरवली असती. गेडिस यांनी तर सक्तीच्या हुकमांतून जुनी वहिवाट ओळखण्याची वाट दाखवली. मात्र दोघांनाही एकमेकांसमोर ठेवून, आणि दोघांनी दुर्लक्षिलेले भाग मुद्दाम पुढे घेऊन वाचले पाहिजे.

या अभ्यासाचे क्षेत्र आपल्यापासून दूर नाही. गोव्याच्या ज्या धर्मपीठातून मेनेझिस निघाले, त्याच्या इतिहासावर मराठीत काम करणाऱ्यांना पोर्तुगीज कागदांबरोबर सुर्यानी आणि मलयाळम साधनांचीही दखल घ्यावी लागेल. गोव्हेआ यांच्या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद २००३ मध्ये केरळातून प्रसिद्ध झाला असल्यामुळे हे काम आता पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. जो समाज दोन बलाढ्य पक्षांच्या वादात पुरावा म्हणून ओढला जातो, त्याच्या इतिहासाचे काय होते, हा प्रश्न ख्रिस्ती धर्माच्या अभ्यासकांपुरता मर्यादित नाही. तरुण संशोधकांनी निदान उदयंपेरूरच्या ठरावांतील शेवटचा, रीतिरिवाजांविषयीचा विभाग मराठीत आणून त्याची चिकित्सा करावी. चार शतकांच्या वादात सर्वांत कमी वाचला गेलेला आणि त्या माणसांविषयी सर्वांत जास्त सांगणारा भाग तोच आहे.